उणिवा शनिवारी न्यायला या

जावईबापू प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" म्हणायचे आणि समोरचा "बरोबर" म्हणेपर्यंत पुढचं वाक्य सोडायचे नाहीत. पहिले दोन दिवस घरातल्यांना त्याचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांचा सासरा, म्हणजे दादा, प्रश्न यायच्या आधीच "बरोबर, बरोबर" म्हणून मोकळा व्हायला लागला. निदान चहा तरी गरम प्यायला मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा.

जावईबापू मोठ्या कंपनीत नियोजन खात्यात होते. लग्नाला सहा महिने झाले होते. बायको माहेरी आली ती झोपा काढायला. हे आठवड्याची रजा टाकून आले ते सासऱ्यांचं दुकान मार्गाला लावायला. आता जावयाला नको कोण म्हणणार? त्यांनी दुकान पाडून तिथं तळं खणायचं म्हटलं असतं तरी दादाच्या बायकोनं, वहिनीनं, आधी विचारलं असतं, पोहून आल्यावर खायला काय करू.

दुकान बॅगांचं. पुढे जमिनीपासून छतापर्यंत नव्या बॅगा, मागे पडद्याआड आत्याचं दुरुस्तीचं टेबल, आणि वरच्या मजल्यावर घर. आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. पण सगळं गिऱ्हाईकही तिला आत्याच म्हणायचं, तिच्याहून दहा वर्षांनी मोठं असलं तरी. पुढे विकायला शिडी होता. छताजवळची बॅग हा माणूस नुसता हात वर करून काढायचा, म्हणून शिडी. तो कामाला लागला त्या वर्षी दादानं खरी शिडी देऊन टाकली होती.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी जावईबापूंनी सगळ्यांना शटर आतून ओढून खाली बसवलं आणि पॅकिंगचा खाकी कागद भिंतीला चिकटवून त्याच्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार चौकोन झाले. ताकद, उणिवा, संधी, धोके.

"कुठलाही धंदा आधी स्वतःला या चार चौकोनांत बघतो. बरोबर?"

"बरोबर," दादा म्हणाला.

ताकदीचा चौकोन पटकन भरला. जुनं नाव. कोपऱ्यावरची जागा. दादानं शिडीची उंची सुचवली; जावईबापूंनी दोन क्षण विचार करून तीही लिहिली. संधीचा चौकोन त्यांनी स्वतःच भरला: मागची जागा मोकळी करून तिथं नव्या बॅगांची मांडणी.

"रॅक सांगून ठेवलेत. शनिवारी येतील. बरोबर?"

"बरोबर," दादा म्हणाला, आणि काय बोलून बसलो ते लक्षात आल्यावर त्याला खोकला आला. अडचणीचं काही निघालं की दादाला खोकला यायचाच. डॉक्टरांनी छाती दोनदा तपासली होती. छातीत काही नव्हतं.

"मागच्या जागेत माझं टेबल आहे," आत्या म्हणाली.

"हो, म्हणजे तुमच्यासाठी दाराजवळ खुर्ची ठेवायची, आत्या. येणाऱ्यांचं स्वागत. मानाची जागा."

"स्वागताला पायपुसणं आहे दारात. त्याच्यावर तसं लिहिलंयसुद्धा."

शिडीला हसू आलं. ते त्यानं छताकडे बघत गिळलं. त्याच्या उंचीमुळे खालून कुणाला दिसलं नाही.

"मी काय म्हणते," वहिनी म्हणाली.

सगळे थांबले. वहिनी पुढे काही बोलली नाही. ती कधीच बोलायची नाही. लग्न होऊन आल्यापासून ती "मी काय म्हणते" म्हणत होती आणि ती काय म्हणते हे घरात अजून कुणाला कळलेलं नव्हतं.

मग उणिवांची पाळी आली. प्रत्येकानं एकेक उणीव चिठ्ठीवर लिहायची, नाव टाकायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहायचं. कागद हवा होता. आत्यानं सवयीनं टोकनाचं पुस्तक उघडलं, लोखंडी पट्टी लावली आणि ज्या क्रमानं माणसं बसली होती त्या क्रमानं एकेक फाडून दिलं.

या टोकनाचं थोडं सांगायला हवं. दुरुस्तीला आलेल्या बॅगेला आत्या टोकन बांधते. त्याचे दोन भाग असतात, दोन्हींवर एकच नंबर छापलेला. वरचा भाग बॅगेला, खालचा गिऱ्हाईकाला. खालचा दाखवल्याशिवाय बॅग मिळत नाही, मग तुम्ही कुणी का असेना. आणि बॅग दुरुस्त होण्यातली नसली की आत्या टोकनाला लाल दोरा बांधते. लाल दोरा म्हणजे होणार नाही, जशी आणली तशी घेऊन जा. त्याच्यावर वाद घातलेलं गिऱ्हाईक अजून कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे वाद घालणारे पुष्कळ झाले, जिंकलेलं कुणी पाहिलेलं नाही.

तर पाचही जण डाव्या हातानं जीभ बाहेर काढून लिहायला लागले, पहिलीतली पोरं बसवल्यासारखे. आत्या मुळातच डावखुरी. तिची उणीव सुवाच्य अक्षरात आली: शटर वर करताना करकरतं.

आणि लिहून झाल्यावर दादानं खालचा भाग टरकन फाडून खिशात टाकला. त्या दुकानात टोकन हातात आलं की आपला अर्धा भाग फाडून ठेवायचा, ही इतक्या वर्षांची सवय. वहिनीनं फाडला, शिडीनं फाडला. सगळे करतात म्हणजे ही इथली पद्धत असेल, असं समजून जावईबापूंनीही फाडला. वरचे भाग त्यांनी गोळा केले, पत्ते पिसावेत तसे पिसले आणि चौकोनात चिकटवले.

आत्या वाचत गेली.

टेबल जागा खातं.

नवी बॅग घ्यायला आलेल्यालाही आत्या जुनीच शिवून देतात.

दुरुस्तीनंतर प्रत्येक गिऱ्हाईकाला बॅग भरायला लावतात. वेळ वाया.

आत्यांच्यानंतर दुरुस्ती कोण करणार?

शटर वर करताना करकरतं.

"कुणी काय लिहिलं हे महत्त्वाचं नाही," जावईबापू म्हणाले. "प्रामाणिकपणे लिहिलं, हे महत्त्वाचं. बरोबर?"

आत्या चिठ्ठ्यांच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होती. सहाशे बारा, सहाशे तेरा, चौदा, पंधरा, सोळा. नंबर छापलेले होते, ठसठशीत, काळे. इतकी वर्षं रोज बघून घरातल्यांना ते दिसेनासेच झाले होते. आत्यानं टोकनं स्वतःच्या हातानं फाडून दिली होती. पहिलं दादाला.

टेबल जागा खातं: सहाशे बारा.

त्या टेबलाशी आत्या कशी बसली हे दादाइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि डाव्या हातानं का होईना, लिहिलं त्यानंच होतं.

एकविसाव्या वर्षी आत्याचं लग्न झालं. अकराव्या दिवशी ती परत निघाली. का, ते तिनं एकदाच सांगितलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. बॅग तिची स्वतःची होती, लग्नाआधी दादानं चेन दुरुस्त करून दिलेली. दादानं दुकानात ती तीनदा उघडून लावून दाखवली होती, लोण्यासारखी फिरत होती. त्या दिवशी भर दुपारी, बसथांब्यावर, पन्नास माणसांसमोर, ती चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली आणि आत्याचे सगळे कपडे, आतले बाहेरचे, रस्त्यावर आले. लोक बघत होते. काही हसलेही. आत्यानं एकेक कपडा उचलला, घडी घातली, बॅग दोरीनं बांधली आणि घरी आली. आल्यावर रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती सरळ दुकानाच्या मागे गेली, बॅग टेबलावर आपटली आणि दादाला म्हणाली, "रिकामी बॅग कुठलीही बंद होते."

दुसऱ्या दिवसापासून ती त्या टेबलाशी बसली. तेव्हापासून दुरुस्त झालेली बॅग गिऱ्हाईकानं आपल्या सामानानं गच्च भरून, तिच्यासमोर चेन लावून, उचलून दाखवल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. लोक घरून कपडे आणतात. एका वकिलानं अख्ख्या खटल्याची कागदपत्रं भरून दाखवली होती. एक सुईण नेहमीची पिशवी भरताना कात्रीपासून टॉवेलपर्यंत सगळं आत्याला ओळीनं समजावून सांगायची. वेळ जातो, हे खरंच आहे.

आत्या उठली. भिंतीवरच्या पाचही चिठ्ठ्या तिनं सोलून काढल्या.

"अहो आत्या, ते तिथंच राहू द्यायचं असतं," जावईबापू म्हणाले.

"भिंतीला लावून उणीव दुरुस्त होते का? दुरुस्तीला आलेली वस्तू माझ्याकडे राहते." तिनं चिठ्ठ्या दोऱ्यात ओवल्या. "टोकनं आहेत ही. नंबर आहेत त्याच्यावर. तुमचे अर्धे तुमच्याकडे. उणिवा शनिवारी न्यायला या."

दादाचा हात खिशाकडे गेला. मग त्याला जो खोकला सुटला तो पाणी पिऊनही थांबेना.

मंगळवार ते शुक्रवार आत्यानं आपलं काम केलं. चाकं बदलली, अस्तरं शिवली, एका बाईला सुनावलं की बॅगेला दोष देऊ नका, तुम्ही तिच्यावर बसता. जावईबापू टेप घेऊन टेबलाभोवती मापं घेत फिरत होते. त्यांच्या खांद्याला त्यांची ऑफिसची बॅग असायची, आणि तिचा पट्टा एका बाजूनं सेफ्टी पिनेवर तग धरून होता. आत्याची नजर रोज त्या पिनेवर जायची आणि रोज ती गप्प बसायची. त्यांनीही विचारलं नाही. ज्याचं टेबल उचलायचं त्याच्याकडेच पट्टा शिवायला कसा टाकणार?

दादा मागे फिरकलाच नाही. एकदा पडद्यापलीकडून म्हणाला, "अगं, रागावलीस का?"

"टोकन आणलंयस?"

"नाही."

"मग शनिवारी ये."

शुक्रवारी दुकान बंद करताना तिनं शटरच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळींत तेल घातलं. सहाशे सोळा तिची स्वतःची होती, ती आधी मिटवली.

त्या घरात सकाळ शटरच्या करकरण्यानं व्हायची. ते ऐकू आलं की दादा दाढी उरकून खाली यायचा. शनिवारी करकर झालीच नाही. त्यामुळे आत्या आणि शिडी तासभर आधी दुकान उघडून आत शिरल्याचं वर कुणाला कळलं नाही. शिडीला तिनं एवढंच सांगितलं होतं, "लवकर ये, उचलायचंय." काय उचलायचंय ते त्यानं विचारलं नाही. आत्याला उलट विचारायची शिडीची टाप नव्हती, एवढ्या उंचीवरूनसुद्धा.

दादा, वहिनी आणि जावईबापू खाली आले तेव्हा रॅकचा टेम्पो येऊन उभा होता आणि रॅकवाला दाराशी डोकं खाजवत होता. मागची जागा रिकामी होती. टेबल पुढे आलं होतं. नुसतं पुढे नाही, काचेच्या आत, दर्शनी भागात, जिथं सगळ्यात महागाच्या बॅगा मांडलेल्या असायच्या तिथं. आत्या त्याच्याशी बसून एका सुटकेसचं हँडल ठोकत होती आणि काचेबाहेर पाच-सहा जण उभे राहून बघत होते.

"हे काय?" जावईबापू म्हणाले. पुढे "बरोबर?" म्हणायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"टोकनं काढा," आत्या म्हणाली. "नंबर पुकारीन तसे या. सहाशे बारा."

दादानं खिशातून अर्धा कागद काढला. पाच दिवस खिशात राहून त्याची घडी मऊ झाली होती.

"टेबल जागा खातं," आत्यानं वाचलं. "मागे होतं तेव्हा खाताना फक्त तुला दिसायचं. आता सगळ्या रस्त्याला दिसतंय. झालं तुझं काम. बाजूला उभा राहा. सहाशे चौदा."

शिडी पुढे आला. त्याच्या चिठ्ठीला लाल दोरा होता.

"नवी घ्यायला आलेल्यालाही जुनी शिवून देते. देते. हे दुरुस्त होणार नाही."

"मी आपलं लिहायचं म्हणून लिहिलं, आत्या. डावा हात होता."

"उजव्यानं लिहिलं असतंस तर काय लिहिलं असतंस?"

शिडीनं खरोखर विचार केला. "हेच. अक्षर जरा बरं आलं असतं."

बाहेर उभ्या माणसांतला एक जण हसला. काच असली तरी दार उघडं होतं. सगळं ऐकू जात होतं.

"सहाशे तेरा," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला.

वहिनीनं पदराच्या गाठीतून अर्धा कागद सोडवला. आत्यानं चिठ्ठी वाचली नाही. दोन्ही अर्धे टेबलावर जुळवून ठेवले.

"हा प्रश्न जावईबापूंचा असेल असं मला वाटलं होतं. नंबर पुन्हा बघितला. तुमचा निघाला."

"मी काय म्हणते," वहिनी म्हणाली.

कुणी हललं नाही. रॅकवालासुद्धा.

"मी काय म्हणते, वन्सं, मला येतं शिवायला. चेन बसवायला येते. तुम्ही जेवायला वर गेलात की मी तुमच्या टाकाऊ बॅगांवर बसवून बघते. रनर कुठला कुठे जातो मला माहीत आहे. तुमच्यानंतर कोण, असं नव्हतं लिहायचं. मी बसू का, असं लिहायचं होतं. डाव्या हातानं एवढं लांब होईना."

"किती वर्षं म्हणताय हे?"

"आल्यापासून."

आत्यानं टेबलाखालून दुसरं स्टूल ओढलं. ते सकाळीच आणून ठेवलेलं होतं. वहिनी बसली, आणि बसल्या बसल्या समोरची कात्री डावीकडून उचलून स्वतःच्या हाताशी ठेवली, जणू ती रोज तिथंच असायची.

"सहाशे पंधरा."

जावईबापूंनी अर्धा कागद पुढे केला. लाल दोरा लांबूनच दिसत होता.

"प्रत्येकाला बॅग भरायला लावते. वेळ जातो. खरं आहे. होणार नाही."

"आत्या, मी तुमच्या विरोधात नाही," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "पण प्रत्येक धंद्याला आपली ताकद एका बाजूला आणि उणीव दुसऱ्या बाजूला काढून बघावीच लागते."

"ती बॅग द्या इकडे."

"कुठली?"

"पिनेवर लटकलेली."

त्यांनी खांद्यावरची बॅग काढून दिली. आत्यानं पिन काढली आणि पट्टा त्यांच्यासमोर धरला. "हा चामड्याचा. दणकट आहे, दहा वर्षं जाईल. ताकदीच्या चौकोनात टाका. हे कापड पातळ आहे, पण फाटलंय का कुठे? नाही. उणिवांत टाका. आता फाटलंय कुठे ते दाखवा."

जावईबापू बघत राहिले. पट्टा आणि कापड जिथं शिवलं होतं तिथली शिवण उसवली होती.

"दणकट पट्टा लावला आणि पातळ कापडाला खाली अस्तराचा तुकडा दिला नाही. पट्ट्यानं ओढलं, कापड गेलं. तुमच्या कागदावर ही जागा कुठे आहे? रेघेवर. आणि तुम्ही रेघ मारलीत पेन्सिलीनं, पट्टी लावून, सुबक." तिनं बॅग वहिनीपुढे सरकवली. "अस्तर लावा याला. तुमचं पहिलं."

टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला. रॅकवाला म्हणाला, "साहेब, आत घेऊ का परत नेऊ? मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

जावईबापू दादाकडे वळले. "बाबा, दर्शनी भागात दुरुस्ती दिसली तर लोकांना वाटेल इथल्या बॅगा बिघडतात. हे आराखड्याच्या उलट जातंय. टेबल परत मागे न्यायला हवं. बरोबर?"

सगळे दादाकडे बघत होते. आत्या नाही. ती हँडल ठोकत होती, पण हातोडी जरा हळू पडत होती.

दादानं तोंड उघडलं. खोकला येईल असं त्याला स्वतःलाही वाटलं असावं, कारण हात आपसूक छातीशी गेला. खोकला आला नाही. "बरोबर"ही आलं नाही. जावईबापू वाट बघत राहिले. ते ऐकल्याशिवाय त्यांना पुढचं वाक्य येत नव्हतं.

"रॅक मागे लावा," दादा रॅकवाल्याला म्हणाला. "पडदा काढून टाका. टेबल आहे तिथं राहील."

"पण बाबा, एकदा हिशोबानं—"

"ते टेबल का आहे ते मला माहीत होतं. तरी लिहिलं. उजव्या हातानं माझ्याच्यानं लिहवलं नसतं." तो बहिणीकडे न बघता बोलत होता. "माझीच चेन होती ती, जावईबापू. तीनदा लावून दाखवली होती मी. रिकामी बॅग कुठलीही बंद होते."

आत्याची हातोडी पुन्हा नेहमीसारखी पडायला लागली.

दुपारपर्यंत रॅक लागले. जावईबापूंनी ते स्वतः लावून घेतले, आणि चांगले लावले. मापं त्यांची पक्की होती. खाकी कागद आत्यानं चुरगळून एका नव्या बॅगेत कोंबला, बॅगेचा आकार सुटू नये म्हणून. धोक्यांचा चौकोन कुणी भरलाच नव्हता. तो तसाच कोरा आत गेला.

वहिनीनं पट्टा शिवून टेबलावर ठेवला. आत्यानं टाका टाका बघितला, एक उसवायला लावला, पुन्हा घालून घेतला. जावईबापूंनी हात पुढे केला.

"भरून," आत्या म्हणाली.

"आत्या, घरचीच बॅग आहे."

"भरून दाखवल्याशिवाय मिळत नाही."

ते काचेआड, भर रस्त्यासमोर, स्टुलावर बसले. लॅपटॉप आत गेला. वह्या, चार्जर, पाण्याची बाटली, मापाची टेप. बाहेर माणसं थांबून बघत होती आणि त्यांचे कान लाल झाले होते. चेन अर्ध्यावर अडली. त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "ओढू नका. बाटली आडवी ठेवा."

त्यांनी बाटली आडवी ठेवली. चेन लागली. ते उठले, पट्टा खांद्याला लावला, आणि आत्यानं बोटानं खूण केल्यावर गुमान दोन उड्या मारून दाखवल्या.

पट्टा हलला नाही.

"बरोबर?" आत्या म्हणाली, आणि ते म्हणेपर्यंत तिनं त्यांना दारातून बाहेर सोडलं नाही.